फोटोतली खूण आणि कास्तकाराचा पुरावा

तिवसा तालुक्यातल्या कास्तकाराचा शासनाशी होणारा बराचसा व्यवहार आता मोबाइलवर काढलेल्या फोटोवर येऊन ठेपला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि तो अक्षांश-रेखांशासह चढवला की सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद होते. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आता ओळखीची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला २०२६ च्या खरिपापासून या विम्यात जागा मिळेल, राज्यांनी प्राणी आणि क्षेत्रे अधिसूचित करायची आणि शेतकऱ्याने ७२ तासांत जिओटॅग केलेले फोटो ॲपवर टाकायचे, असे जाहीर झाले. रोह्यांच्या कळपाने रातोरात तूर फस्त करावी, रानडुकरांनी सोयाबीन उलथून टाकावे, हे वर्धा नदीकाठच्या या पट्ट्याला नवे नाही. त्या नासाडीचा पहिला साक्षीदार फोटो असणार, हे मात्र नवे आहे. म्हणूनच चित्राच्या आत माहिती लपवण्याचे शास्त्र, म्हणजे स्टेगनोग्राफी आणि अदृश्य वॉटरमार्क, हा विषय आता संगणकशास्त्राच्या विभागापुरता राहिलेला नाही. या शास्त्राची गेल्या तीस वर्षांची वाटचाल पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुराव्याच्या फोटोत अदृश्य खूण असलीच पाहिजे. पण ती सिनेमा-संगीताच्या कंपन्यांनी आपल्या गरजेपुरती घडवलेली खूण असून चालणार नाही, आणि ती तपासण्याची सोय फोटो काढणाऱ्याच्या हातीही असली पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या नाहीत, तर तीच खूण दावे फेटाळण्याचे आणखी एक निमित्त होईल.

सध्या सरकारी कामात फोटोचा खरेपणा दोन गोष्टींवर जोखला जातो. पहिली म्हणजे फोटोच्या खालच्या भागात दिसणारी पट्टी: नकाशाचा तुकडा, गावाचे नाव, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. ग्रामपंचायतीच्या नालीपासून शेततळ्यापर्यंत प्रत्येक कामाच्या फोटोवर ती आता असतेच. पण ही पट्टी म्हणजे चित्रावर रंगवलेली अक्षरे आहेत. ती कापता येते, पुसता येते, दुसऱ्या तारखेची नव्याने रंगवता येते. दुसरी गोष्ट फाइलीच्या सुरुवातीला साठवलेली माहिती, जिला एक्झिफ म्हणतात: कोणत्या फोनने, किती वाजता, कुठे फोटो काढला. ती साध्या प्रोग्रामने बदलता येते, फोनला खोटे ठिकाण भासवणारी ॲप मिळतात, आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. दोन्ही गोष्टी फोटोला बाहेरून चिकटवलेल्या आहेत. ज्या काळ्या-हिरव्या ठिपक्यांतून वावर दिसते, त्या ठिपक्यांशी त्यांचे काही नाते नाही. लबाडाला हे दोन्ही खोटे करायला पाच मिनिटे पुरतात, आणि सरळ माणसाच्या हातून मात्र एक्झिफ नकळत नाहीसे होते.

ठिपक्यांच्या आत माहिती कशी मावते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. रंगीत चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. हिरव्याचा आकडा १८२ ऐवजी १८३ केला तर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणजे प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट आपल्या मनाप्रमाणे ठेवता येतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोत असे ३ कोटी ६० लाख बिट, म्हणजे ४५ लाख बाइट, मोकळे सापडतात. तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीत ज्यांचा आश्रम आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. एका ओवीला देवनागरी युनिकोडमध्ये सढळ हाताने ४०० बाइट धरले तरी सगळा ग्रंथ १८ लाख ७० हजार बाइटांत बसतो. एका फोटोत तो दोनदा लपवता येईल आणि पाहणाऱ्याला फक्त सोयाबीनचे शेत दिसेल. अट एवढीच की, फाइल कॉम्प्रेस न करता जपली पाहिजे. तोच फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की त्याचा आकार घटतो आणि तो पुन्हा जेपीईजीत बसवला जातो. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ चे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनाचे मंद आणि जलद चढउतारांत रूपांतर करते आणि डोळ्याला न कळणारे बारकावे टाकून देते. हे रूपांतर १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. लपवलेला मजकूर नेमका त्या टाकून दिलेल्या बारकाव्यांतच असल्याने पलीकडे एकही ओवी शाबूत पोचत नाही.

याच टप्प्यावर स्टेगनोग्राफी आणि वॉटरमार्क यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्टेगनोग्राफीत निरोप महत्त्वाचा असतो आणि चित्र नुसते वाहन असते. निरोप आहे हेच कुणाला कळू नये, हा हेतू. ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीने १४९९ च्या सुमारास या कलेवर ग्रंथ लिहिला, तो छापला गेला १६०६ मध्ये. आधुनिक मांडणी गुस्ताव्हस सिमन्सने १९८३ मध्ये केली: दोन कैद्यांनी पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत पत्रे पाठवून पळण्याचा बेत आखायचा, आणि त्याला संशयही येऊ द्यायचा नाही. शेवटच्या बिटांत लपवण्याची पद्धत या कसोटीला फार काळ टिकली नाही. १९९९ मध्ये वेस्टफेल्ड आणि फिट्झमान यांनी, आणि २००१ मध्ये जेसिका फ्रिड्रिच यांच्या गटाने, आकड्यांच्या वाटणीत पडणारी विसंगती मोजून लपवाछपवी ओळखण्याच्या रीती दिल्या. दहशतवादी इंटरनेटवरच्या चित्रांतून निरोप धाडतात अशी बातमी २००१ मध्ये गाजली, तेव्हा नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी ई-बे या लिलावाच्या संकेतस्थळावरची वीस लाख चित्रे तपासली. एकातही खरा निरोप सापडला नाही. अगदीच वापर होत नाही असे नाही. २०१० मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांच्या खटल्यात चित्रांत दडवलेल्या निरोपांचा उल्लेख आहे. पण बोभाटा झाला त्या मानाने हा वापर विरळ आहे.

आपल्याकडेही या भीतीचा एक अवतार फिरतो: व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडला की बँकेचे खाते रिकामे होते. यात किती तथ्य आहे ते नीट सांगायला हवे. फोटोच्या बिटांत लपवलेली माहिती आपणहून काहीच करू शकत नाही. ती बाहेर काढून चालवणारा दुसरा प्रोग्राम फोनमध्ये आधीच असावा लागतो. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष असेल तर मुद्दाम बिघडवलेली फाइल त्याचा फायदा घेऊ शकते. सॅमसंगच्या फोनांतला असा एक दोष २०२५ मध्ये दुरुस्त करावा लागला. पण असले हल्ले महागडे असतात आणि निवडक माणसांवर होतात. गावात पैसे जातात ते लग्नपत्रिकेच्या किंवा पीएम किसानच्या नावाने आलेल्या एपीके फाइलीमुळे. ती फोटो नसते, ॲप असते, आणि ते बसवण्याची परवानगी आपणच देतो. फोन अद्ययावत ठेवावा आणि अनोळखी एपीके बसवू नये. तिवशाच्या माणसाला स्टेगनोग्राफीची भीती बाळगण्याचे याहून जास्त कारण नाही.

वॉटरमार्कचा प्रश्न उलटा आहे. तिथे चित्र महत्त्वाचे आणि खूण त्याच्या सेवेला. मजकूर थोडाच असतो, पन्नास-शंभर बिटांचा, पण तो चित्रासोबत टिकला पाहिजे. या शाखेतला निर्णायक लेख इंगमर कॉक्स, किलियन, लेटन आणि शमून यांचा, १९९७ चा. त्यांचे म्हणणे वरवर उफराटे वाटते. खूण चित्राच्या नगण्य भागात लपवू नका, चित्राचा जीव ज्या घटकांत आहे त्यांतच ती अगदी थोडी थोडी पसरून टाका. मग खूण पुसायची तर चित्रच बिघडवावे लागेल. नंतरच्या बहुतेक पद्धती याच विचारावर उभ्या आहेत. यात तीन ओढी सतत एकमेकींविरुद्ध काम करतात: खूण दिसू नये, ती टिकावी आणि तिच्यात मजकूर जास्त मावावा. एक वाढवली की दुसरी घटते. चित्राच्या पोतावरही बरेच अवलंबून असते. दाट पानांच्या सोयाबीनमध्ये किंवा फुटलेल्या कपाशीत खूण सहज मुरते, कारण तिथे आधीच असंख्य चढउतार असतात. सपाट आभाळ किंवा सावलीतली ओली काळी जमीन तिला फारशी जागा देत नाही. केंब्रिजच्या पेटिकोला आणि कुन यांनी १९९७ च्या अखेरीस ‘स्टरमार्क’ नावाचा प्रोग्राम काढून दाखवले की, डोळ्याला न कळेल इतके चित्र ताणले-वाकवले तरी त्या काळच्या बहुतेक खुणा हरवतात. २००० मध्ये संगीत उद्योगाने आपल्या ध्वनिखुणा मोडून दाखवा असे आव्हान दिले, तेव्हा प्रिन्स्टनच्या एडवर्ड फेल्टन यांच्या गटाने त्या काही आठवड्यांत मोडल्या. २०२३ मध्ये तर हार्वर्डच्या संशोधकांनी, काही वाजवी गृहीतकांवर, अशी कोणतीही खूण अजिंक्य असू शकत नाही असे सिद्ध करून दाखवले.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग सोडाच हा नाद. या आक्षेपाचे उत्तर शत्रू कोण आहे या प्रश्नात आहे. सिनेमाच्या कंपनीचा शत्रू खूण पुसायला बसलेला असतो, कारण खूण पुसली की चोरीचा माल मोकळा होतो. म्हणून तीस वर्षांचे बहुतेक संशोधन खूण कशी पुसली जाणार नाही याच्या मागे धावले. पुराव्याच्या फोटोत लबाड माणसाला खूण पुसून काय मिळणार? खूण नसलेला फोटो ॲप घेणारच नाही. त्याला हवी असते उलटी गोष्ट: खोट्या फोटोवर खरी खूण. म्हणजे बनावट खूण घडवणे, किंवा एका खऱ्या फोटोवरची खूण उचलून दुसऱ्यावर बसवणे. या दुसऱ्या प्रकाराचा हल्ला कुटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० मध्येच वर्णन केला आहे. तेव्हा हार्वर्डचा निष्कर्ष आपल्या कामाच्या आड येत नाही, आणि पुसण्याविरुद्धची मजबुती हा आपला पहिला निकष असू शकत नाही. मजबुती हवी, पण ती शेतकऱ्यासाठी: त्याने फोटो मुलाला पाठवला, मुलाने सेवा केंद्रावर दिला, तिथून तो छापून तहसीलच्या फाइलीत गेला, या प्रामाणिक प्रवासात खूण मरू नये म्हणून.

खूण मजकुराशी बांधलेली असावी, हा विचार आपल्या कागदपत्रांत फार जुना आहे. मराठेशाहीतल्या राजपत्रावर वर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे मर्यादामुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवत. तिच्यापुढे कुणी एक ओळ वाढवली तर ती उघडी पडे. पत्र लांब असून कागद एकाखाली एक चिकटवलेले असतील तर पाठीमागे सांध्यांवरही शिक्के मारत, म्हणजे मधला एखादा कागद बदलता येत नसे. डिजिटल खुणांच्या इतिहासात हाच धडा पुन्हा शिकावा लागला. १९९८ मध्ये पिंग वा वोंग यांनी चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येक चौकोनात त्याचीच गुप्त बेरीज लपवण्याची पद्धत दिली. कुठे फेरफार झाला तो चौकोन नेमका कळे. दोनच वर्षांत हॉलिमन आणि नासिर मेमन यांनी तिचे वर्म दाखवले. चौकोन एकमेकांपासून सुटे असल्याने, त्याच किल्लीने, म्हणजे खूण घालायच्या त्याच गुप्त आकड्याने, खूण केलेल्या अनेक चित्रांतले चौकोन निवडून नवेच चित्र जुळवता येते आणि प्रत्येक तुकडा खरा ठरतो. सांध्यावर शिक्का नव्हता! त्यानंतरच्या पद्धतींनी प्रत्येक चौकोन शेजाऱ्याशी आणि त्या फोटोच्या स्वतंत्र क्रमांकाशी बांधला. कोलंबिया विद्यापीठाच्या लिन आणि चांग यांनी २००१ मध्ये पुढची अडचण सोडवली: दोन चौकोनांतल्या एकाच जागच्या घटकांचे लहान-मोठेपणाचे नाते जेपीईजीच्या दाबाखालीही टिकते, म्हणून खूण त्या नात्यावर बेतायची. अशी खूण कॉम्प्रेस झाल्याने मोडत नाही. पण कुणी उभ्या पिकावर आडवे पीक चिकटवले तर तेवढ्या जागी मोडते. आपल्या कामाला लागणारा प्रकार हा आहे.

खूण कितीही चतुर असली तरी तिची किल्ली कुठे ठेवली आहे यावर सगळे अवलंबून राहते. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. अब्दुल करीम तेलगीला २००१ मध्ये अटक झाली आणि पुढच्या तपासात निघाले की, नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत काढलेली यंत्रे मिळवून त्याने मुद्रांक छापले होते. मुद्रांकाच्या कागदाची आणि छपाईची सुरक्षितता यंत्र दुसऱ्याकडे नसण्यावर उभी होती. यंत्र हाती लागल्यावर खरा-खोटा ओळखायला फारसे काही उरले नाही. ऑगस्ट केर्कहॉफने १८८३ मध्येच बजावले होते की, पद्धत शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच चाला, गुपित फक्त किल्लीत असू द्या. आता सरकारी ॲपमध्ये सगळ्या फोनांसाठी एकच किल्ली घालून ठेवली, तर ते ॲप उघडून पाहणारा पहिला हुशार माणूस राज्यभरच्या फोटोंवर खऱ्या खुणा उठवू लागेल. म्हणून किल्ली प्रत्येक फोनची वेगळी हवी, फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये तयार झालेली आणि बाहेर न येणारी. तिने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने कुणालाही तपासता येते. प्रचलित स्वाक्षरी ५१२ बिटांची असते आणि ती मजबूत खुणेत मावत नाही. बर्कलीच्या संशोधकांची ‘स्टेगास्टॅम्प’ ही पद्धत छापून पुन्हा फोटो काढला तरी टिकते, पण चुका सुधारण्याचा खर्च वजा जाता ४०० गुणिले ४०० च्या चित्रात ५६ बिटच वाहते. यातून कामाची वाटणी आपोआप ठरते: स्वाक्षरी आणि मूळ फाइल सर्व्हरवरच्या नोंदवहीत, आणि फोटोच्या आत फक्त नोंदीचा क्रमांक.

इथे कायदा जाणणारा विचारेल, नोंदवहीत मूळ फाइल आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलीच्या सगळ्या बिटांवरून काढलेला छोटा ठसा, असताना फोटोत खूण कशाला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच दिली आहे. हॅश ही उत्तम गोष्ट आहे, पण ती एका विशिष्ट फाइलीला ओळखते. एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, आणि शेतकऱ्याच्या हाती असते ती बहुधा पुढे पाठवलेली, आकार घटलेली प्रत. तिचा हॅश मूळाशी कधीच जुळणार नाही. ती प्रत आणि नोंदवहीतले मूळ यांची गाठ घालून देणारा धागा म्हणजे आतली खूण. जगभरातल्या कंपन्यांनी २०२१ मध्ये स्थापलेल्या ‘सीटूपीए’ या मानकानेही ही गरज ओळखली आहे: सही केलेली माहिती फाइलीपासून तुटली तर वॉटरमार्कवरून ती पुन्हा शोधायची. आणि मूळ दुसऱ्याच्या ताब्यात असणे म्हणजे काय, हे जालन्याच्या खटल्यात दिसले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला की आधी, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रणात होता. कैलास गोरंट्याल यांनी मागणी करूनही त्या चित्रणाचे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यकच आहे असे ठरवले. पण ज्याने मिळवण्यासाठी सर्व प्रयत्न केले आणि उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच ते दिले नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही, असेही सांगितले. पीक विम्याच्या फोटोचे मूळही विमा यंत्रणेच्या सर्व्हरवरच असते. ज्या प्रतीतून क्रमांक वाचून कुणीही मूळ मागू शकेल, ती प्रत कास्तकाराच्या हाती असणे हे याच न्यायतत्त्वाला धरून आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. खूण फोटोचे रक्षण करते, फोटोसमोर काय ठेवले होते याचे नाही. मनरेगाच्या कामावर मजुरांची हजेरी एनएमएमएस ॲपवर दिवसातून दोन फोटो काढून घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच गैरवापराचे प्रकार मांडले: कामाशी संबंध नसलेले फोटो, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच काढलेला फोटो, एकच फोटो अनेक हजेरीपटांना, सकाळ-दुपारच्या फोटोंत वेगळीच माणसे. अशा फोटोचे ठिकाण आणि वेळ दोन्ही बरोबर असू शकतात. आतली खूण या लबाडीला आंधळेपणाने खरे ठरवील, हा आक्षेप निम्मा योग्य आहे. उरलेला निम्मा असा की, जुना फोटो त्याच ॲपवर काढलेला असेल आणि त्याची खूण पुन्हा फोटो काढूनही टिकणारी असेल, तर नव्या फोटोत जुना क्रमांक वाचता येईल आणि फोटोचा फोटो तिथल्या तिथे उघडा पडेल. एकच फोटो अनेक पटांना लावला जातो, त्यासाठी तर खुणेचीही गरज नाही. चित्रांची साधी तुलना पुरते. ती तुलना पहिल्या दिवसापासून झाली असती तर निम्मे परिपत्रक लिहावे लागले नसते, असे मला वाटते. दुसऱ्याच गावच्या माणसांना रांगेत उभे करून काढलेला फोटो मात्र कोणतेही गणित पकडणार नाही. तिथे ग्रामसभेत हजेरीपट वाचूनच दाखवायला हवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न आणखी तातडीचा केला आहे. गारपिटीने झोपलेल्या गव्हाचे चित्र आता वाक्य लिहून मिळते. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सिंथआयडी’ ही यंत्रनिर्मित चित्रांतली अदृश्य खूण आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मांडलेल्या मसुद्यात अशा चित्रांवर किमान दहा टक्के भाग व्यापणारी पाटी आणि आत कायमची ओळख सुचवली होती. हेतू चांगला आहे. पण इथे लबाडाला खूण पुसण्यातच फायदा आहे, म्हणजे हार्वर्डचा निष्कर्ष इथे पूर्ण लागू पडतो. शिवाय खूण न घालणारे मोफत प्रोग्राम कुणीही वापरू शकतो. खोट्यावर खूण नाही म्हणून चित्र खरे, असे कधीच म्हणता येणार नाही. सरकारी पुराव्यापुरते तरी खऱ्यालाच जन्मतः खूण देणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

तरी एक भीती उरते आणि ती मला रास्त वाटते. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक कागदावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके छापतात आणि त्यांत यंत्राचा क्रमांक व वेळ असते, हे २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने उकलून दाखवले. विकत घेणाऱ्याला कुणी ते सांगितले नव्हते. फोटोतल्या खुणेत आधार किंवा मोबाइल क्रमांक घातला, तर शेतकऱ्याने आंदोलनासाठी दिलेला किंवा वार्ताहराला पाठवलेला फोटो त्याच्याच मागे माग काढत येईल. म्हणून आत फक्त निरर्थक नोंदक्रमांक असावा, त्यावरून माणसापर्यंत जाण्याला नियमाचे कुंपण असावे, आणि खूण फक्त त्या ॲपमधल्या फोटोंना लागावी, फोनमधल्या सगळ्या फोटोंना नाही.

सुरुवात करायला नवे खाते लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि १५ रुपयांत मिळणारा तो उतारा कुणीही ऑनलाइन पडताळून पाहू शकतो. तीच सोय फोटोला हवी. फोटो चढवताच क्रमांकासह पोच मिळावी, मूळ फाइल शेतकऱ्याला उतरवून घेता यावी, आणि सेवा केंद्रावर कोणतीही प्रत दाखवून तिच्यातला क्रमांक वाचून घेता यावा. राज्यभर लावण्याआधी एका तालुक्यात, स्वस्त फोनवर, श्रावणातल्या अंधुक उजेडात, व्हॉट्सॲपवर तीनदा फिरवून आणि झेरॉक्सवर छापून तिची कसोटी घ्यावी आणि निकाल छापावेत. विशेषतः खरा फोटो किती वेळा खोटा ठरतो, हा आकडा. तो हजारात एक इतका लहान निघाला, तरी पन्नास हजार फोटोंमागे पन्नास शेतकरी विनाकारण संशयित ठरतात. म्हणून खूण वाचता आली नाही एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, फोटो खोटा असल्याचे दाखवण्याचा भार नाकारणाऱ्यावर राहील, आणि अशा प्रत्येक वावराचा पंचनामा पीक शेतात असेपर्यंत धुऱ्यावर जाऊन केला जाईल, हे योजनेच्या नियमांतच लिहिलेले असले पाहिजे.